कंपोस्ट टीसाठी नर्सरीतलं पाकीटबंद गांडूळखत चालेल का?

गच्चीवरच्या वांगी-टोमॅटोसाठी विचारताय, तर कुंडीत घालायला ते पाकीट खुशाल वापरा. टीसाठी, म्हणजे खत पाण्यात भिजवून आणि पंपाने हवा सोडून केलेल्या पातळ द्रावणासाठी, मात्र मी ते घेणार नाही. बादलीत पंप सोडून आपण नवे जिवाणू घडवत नाही, खतात जे जिवंत आहेत तेच वाढवतो. आणि पाकिटातलं खत बहुतेक वेळा उन्हात पडून पार कोरडं झालेलं असतं.

मी गांडुळांच्या बेडवरचं ताजं, ओलसर खत आणते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. वास पावसाळी मातीसारखा हवा. अमोनिया नाकाला झोंबला तर खत कच्चं आहे. कुजका वास आला तर त्याला हवा मिळालेली नाही. शंका आली की मी थोडं खत पाण्यात कालवून गाळते आणि त्यात मेथीदाणे भिजवून उगवून बघते, शेजारी साध्या पाण्यातले. खताच्या पाण्यातले मागे पडले, तर ते खत अजून मुरू देते.

गांडूळखतात जिवाणू भरपूर, बुरशी कमी. म्हणून त्यात वर्षभर कुजलेल्या पालापाचोळ्याचं, पांढरे धागे धरलेलं खत थोडं मिसळते. फळझाडांसाठी ते जास्त घ्या.

शेणाबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रवखत) ताजं शेण घालतात, म्हणून इथेही चालेल असं अनेकांना वाटतं. पण टी पानांवर फवारला जातो, आणि शेणात ई. कोलाय (पोट बिघडवणारा जिवाणू) असला तर बादलीत तोही वाढतो; गूळ घातला तर आणखीच. शेणाचा ढीग ५५ अंशांच्या वर निदान ३ दिवस तापलेला हवा, तोही उलथापालथ करून, म्हणजे बाहेरचा थरही आत जाऊन तापतो. गांडुळांचा बेड तापत नाही, त्यामुळे विकणाऱ्याला एवढं विचाराच: गांडुळांना देण्याआधी शेण तापवलं होतं का? कोथिंबीर-पालकावर तर मी फवारतच नाही, मुळाशी ओतते.

कोंबडखत आणि कारखान्याच्या मळीचं खत यांत क्षार जास्त असू शकतात. मिश्र कचऱ्याच्या खतात काच-प्लास्टिक निघतं. तिन्ही टाळा.

खत २-३ किलोच आणा, गोणपाटात सावलीत ओलसर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलंत तर आतले जीव गुदमरतील.