शाओबिंगला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: बीजिंगच्या एका गल्लीतल्या लहानशा खानावळीत तीळ लावून भट्टीत भाजलेले 'शाओबिंग' खाल्ले. घरी सांगताना त्यांना पाव म्हणावे, रोटी म्हणावे की भाकरी?

माझे मत स्पष्ट आहे: शाओबिंगच म्हणावे. 'शाओ' म्हणजे भाजणे, आणि आपले 'भाजणे' त्याला चपखल बसते. अडते ते 'बिंग'पाशी. पिठाचा चपटा, बहुधा गोल पदार्थ म्हणजे बिंग. तोच तेलात तळला की यौबिंग. शरदातल्या पौर्णिमेला खातात त्या सारण भरलेल्या मूनकेकचे नावही युएबिंग. जुन्या चिनी भाषेत तर सूपमध्ये उकडलेल्या पिठाच्या तुकड्यांना, म्हणजे नूडल्सच्या पूर्वजांना, 'थांगबिंग' म्हणत. इतका ऐसपैस शब्द आपल्याकडे नाही. आपण पीठ कोणते आणि ते थापले की लाटले, हे आधी पाहतो. भाकरी थापतात, पोळी लाटतात.

पाव म्हटले की जाळीदार मऊ गर डोळ्यांपुढे येतो. बीजिंगचा शाओबिंग मोडला की पदर सुटतात. लाटलेल्या पिठावर तिळाची पेस्ट, मीठ, बडीशेपेची पूड आणि सिचुआन मिरीची पूड पसरतात (ही मिरी म्हणजे कोकणातल्या तिरफळाची सख्खी भावकी), मग गुंडाळी करून तुकडे तोडतात, गोल करून वरची बाजू तिळात दाबतात. तव्यावर टेकवून घेतले की भट्टीत. वरून कुरकुरीत, आत खमंग आणि किंचित ओलसर.

'नान' म्हणावे असे कोणी सुचवले तर त्यात तथ्य आहे. चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगमधले उइगुर लोक तंदुरात भाजतात त्या रोटीला नानच म्हणतात, आणि चिनीत त्याचेच 'नांग' झाले. चीनच्या हान राजवटीच्या काळातला 'हूबिंग' हाही पश्चिमेकडच्या परक्यांचा बिंग; दुसऱ्या शतकातल्या लिंग सम्राटाला तो फार आवडे, अशी नोंद आहे. शाओबिंगची पाळेमुळे तिकडेच शोधतात. पण आज नान म्हटले की मराठी माणसाला हॉटेलातला बटर नान आठवणार, म्हणून तोही नको.

उच्चाराबद्दल थोडे. रोमन लिपीत 'बी' लिहिले तरी चिनी माणसाच्या तोंडी तिथे घोष (स्वरतंतूंचा कंप) नसतो. कान देऊन ऐकले तर 'शाओपिंग' ऐकू येते. आपला 'प' तिथे हुबेहूब लागू पडतो. तरी लिहिताना 'शाओबिंग' ठेवावे, कारण 'बीजिंग' आपण तसेच लिहितो आणि वाचणाऱ्याची ओळख मोडू नये.

लिंग? मी पुल्लिंग वापरतो: तो शाओबिंग, दोन शाओबिंग, जसे पाव आणि नान. कोणी रोटीच्या वळणाने 'ती शाओबिंग' म्हणाले तर कानाला खटकणार नाही, पण अनेकवचनात 'शाओबिंगा' मात्र करू नये.