मुलं बॅच सोडून जातात तेव्हा

क्लास चालवणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं. क्लास गाण्याचा असो, अबॅकसचा असो की क्रिकेटचा, "मुलं टिकत नाहीत, म्हणजे मीच कमी पडतो का?" नागपुरात गल्लोगल्ली कसला ना कसला क्लास आहे, त्यामुळे हे दुखणं काही एकट्यादुकट्याचं नाही. एका स्केटिंग प्रशिक्षकाची हकिगत त्याच्या परवानगीने आणि ओळख पटवणारे तपशील बदलून सांगते. मुलं त्याला ‘सर’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

सर तिशीच्या आतले. दिवसा मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी, पहाटे इनलाइन हॉकी खेळणाऱ्या मुलांना पॉवर स्केटिंगची शिकवणी. आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, आणि नागपुरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, तेव्हा थोडं सांगायला हवं. इनलाइन हॉकी बर्फावर नाही, चाकांच्या स्केट्सवर, रिंकमध्ये खेळतात. पॉवर स्केटिंग हा त्यातला पायांचा अभ्यास, बहुतेक वेळ हातात स्टिक न घेता करायचा. गुडघे वाकवून खाली बसायचं, पाय पूर्ण ताणून ढकलायचा, परत अंगाखाली आणायचा. दोन्ही बाजूंचे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), उलटं स्केटिंग, वेगात असताना थांबणं, थांबल्या जागेवरून सुटणं. तेच ते रोज. आठ वर्षांच्या पोराला गोल मारायचा असतो आणि त्याच्या बाबांना त्याचा व्हिडिओ काढायचा असतो. अशी बॅच चालवायची म्हणजे आधीच अवघड काम.

महिन्याच्या सुरुवातीला, फी यायच्या दिवसांत, सरांची झोप उडायची. व्हॉट्सॲप ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं की छाती धडधडायची. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजता उठून ग्रुप पाहून राहिलो मी." छातीची तक्रार होती म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. तिथे काही निघालं नाही, मग आम्ही बसलो.

दुसऱ्या भेटीत मूळ गोष्ट बाहेर आली. "मी हॉकीवाला नाहीच, मॅडम. मी स्पीड स्केटर. लोकांच्या हळूहळू ध्यानात येऊन राहिलं असेल."

मला या खेळातलं फारसं कळत नाही. म्हणून विचारलं, ही पॉवर स्केटिंगची पद्धत आली कुठून? तर त्यांना सगळं तोंडपाठ. अमेरिकेत 1970 च्या दशकात आइस हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूंना पाय कसे टाकायचे हे शिकवणाऱ्या लॉरा स्टॅम मुळात फिगर स्केटिंगमधल्या. कॅनडाच्या बार्बरा अंडरहिल 1984 मध्ये फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात जगज्जेत्या ठरल्या, पुढे एनएचएल या आइस हॉकीच्या बड्या लीगमधल्या संघांनी त्यांना स्केटिंग शिकवायला बोलावलं. "म्हणजे या दोघीही हॉकीवाल्या नव्हेत," मी म्हटलं. सर म्हणाले, "त्या मोठ्या बाया आहेत, मॅडम."

तो मुद्दा मी तिथेच सोडला. वादात हरवून कोणाची भीती जात नाही, माणूस फक्त गप्प बसतो. त्याऐवजी विचारलं, स्पीड स्केटर असल्यामुळे तुम्हाला नेमकं काय येत नाही? बराच वेळ विचार करून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. स्पीड स्केटिंगची शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होते, सगळी वळणं डावीकडे, म्हणून उजवीकडचा क्रॉसओव्हर त्यांचा कच्चा होता आणि मुलांसमोर करून दाखवायचं ते टाळत. शिवाय त्यांना लांब, सलग ग्लाइडची म्हणजे घसरत जाण्याची सवय, तर हॉकीत दोन-तीन पावलांतच वेग घ्यावा लागतो. या उणिवा खऱ्या होत्या, त्यांच्यावर सराव करता येतो. ‘मी नकली आहे’ यावर काय सराव करणार?

मग हजेरीची वही मागवली. सोडून गेलेल्या प्रत्येक मुलासमोर दोन रकाने आखले: कधी सोडलं, आणि कारण. पहिला रकाना भराभर भरला. मार्च आणि जूनमध्ये गर्दी, म्हणजे परीक्षा आणि नवी शाळा. काही मुलं पावसाळ्यात गेली, कारण ओल्या सिमेंटवर चाकं धरत नाहीत आणि बॅच आठवडेच्या आठवडे बंद राहायची. दुसरा रकाना मात्र जवळजवळ कोरा. सरांनी कोणाला कधी विचारलंच नव्हतं. उत्तर काय येणार हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, मग फोन कशाला करायचा?

म्हणून फोन करायचे ठरले. आमच्याकडे याला प्रयोग म्हणतात: मनातली भीती आधी कागदावर लिहायची, मग काय होतं ते पाहायचं. त्यांनी लिहिलं, "म्हणतील, तुम्हाला शिकवता येत नाही." एका आईने सांगितलं, मुलाचे स्केट्स लहान झाले, नव्या जोडीचा खर्च झेपेना, आणि ते सांगायची लाज वाटली. दुसऱ्या घरी संध्याकाळची ट्यूशन लागली होती, पोरगा पहाटे उठेना. तिसऱ्या मुलाचे वडील मात्र स्पष्ट बोलले: "तुमचं लक्ष मोठ्या पोरांकडे होतं. माझा पोरगा कोपऱ्यात उभा राहायचा." हा फोन झाल्यावर सर दोन दिवस गप्प होते. नंतर म्हणाले, "खरं बोलले ते. नवशिके आणि जुने एकाच बॅचमध्ये घेऊन राहिलो होतो."

खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा हाच फोन. ज्या वाक्याला माणूस वर्षभर घाबरला, त्याच्या आसपासचं वाक्य ऐकूनही तो जागेवर होता, आणि हातात दुरुस्त करण्याजोगं काही आलं होतं.

पुढचं त्यांचं त्यांनी केलं, मी फक्त विचारत गेले. नवशिक्यांची बॅच वेगळी झाली. लहान झालेले स्केट्स एका पेटीत जमा करून धाकट्यांना द्यायची पद्धत सुरू झाली. पावसाळ्यात एका हॉलमध्ये एका पायावर तोल सांभाळणं, बैठका, उड्या. शेवटची दहा मिनिटं स्टिक आणि पक (हॉकीतली चपटी चकती), कारण पोरं त्यासाठीच येतात आणि त्यात गैर काही नाही. पालकांसाठी त्यांनी एक सोपी मोजणी काढली: रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मूल किती पुशमध्ये, म्हणजे किती वेळा पाय ढकलून पोचतं आणि किती वेळात. वेळ तेवढाच राहून पुश कमी झाले, तर पाय नीट ढकलला जातोय. दर तिमाहीला हे आकडे पालकांसमोरच लिहायचे. "सामना कधी?" असं विचारणारे बाबा आता "पुश किती?" विचारतात म्हणे. फीसुद्धा तिमाहीची झाली, त्यामुळे दर महिन्याची ती धाकधूक उरली नाही. बोर्डाच्या परीक्षेचं मूल जाणार हे धरूनच जागा मोजतात.

तरी मुलं जातात. अलीकडे एकाने काहीच न सांगता नाव काढलं, फोनही उचलला नाही. सरांनी त्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिलं. झोप एक रात्र बिघडली, असं त्यांनीच सांगितलं.

सरांच्या आईंचा प्रश्न वेगळा होता: "तो नोकरी सोडतो म्हणून राहिला, तुम्हीच समजवा त्याला." समजवायचं काम मी घेतलं नाही. सरांना एवढंच म्हटलं की ग्रुप भरलेला असताना उत्साहात किंवा रिकामा होत असताना घाबरून हा निर्णय घेऊ नका. रिंकचं भाडं, सहायकाचा पगार आणि घरखर्च काढून वर्षभराचा हिशेब मांडा, त्यात पावसाळा आणि परीक्षांचे महिने धरा. तो हिशेब अजून पुरा झालेला नाही. तूर्त नोकरी चालू आहे, आणि मे महिन्यात ऊन तापायच्या आत सुटावी म्हणून बॅच साडेपाचला भरते.