दूध पुरत नाही, हे कशावरून ठरवायचे?

तासगाव तालुक्यातून एका मातेने लिहिले आहे : “बाळ २५ दिवसांचे आहे. संध्याकाळी ते सारखे रडते, म्हणून सासूबाई म्हणतात, ‘तुझ्या अंगावर दूधच नाही.’ जन्मल्यावर त्यांनी चीक पिळून टाकायला लावला आणि बाळाला मध चाटवला. आठवडाभर संध्याकाळी पाणी घातलेले गाईचे दूध बाटलीने देतात. पुढे द्राक्षबागेच्या छाटणीला मला जावे लागेल, तेव्हा आताच वरच्या दुधाची सवय होऊ दे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी कमी पडते आहे का?”

प्रिय भगिनीस,

तुमच्या पत्रात तुम्ही कमी पडत असल्याचे मला कुठेही दिसत नाही. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरत नाही. या वयाची अनेक बाळे संध्याकाळी तास-दोन तास वरचेवर प्यायला मागतात आणि तेवढ्यात किरकिरतातही. पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला दूध पुरते आहे. मात्र वरचे दूध चालू असताना हा हिशेब चुकतो, म्हणून ते आधी थांबवावे लागेल.

तुमच्या सासूबाईंनी गाई-म्हशी पाळल्या असतील, तर धार अर्धवट काढली की जनावर आटते, हे त्यांना सांगावे लागणार नाही. येथेही तसेच घडते : बाटलीने पोट भरलेले बाळ छातीशी कमी ओढते आणि दूध कमी तयार होते. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळाला गाईचे दूध मुख्य आहार म्हणून मानवत नाही आणि पाणी घातले की त्यातले पोषणही घटते. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध मिळणाऱ्या बाळाला वरून पाणीही लागत नाही. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मुळीच देऊ नका. त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. चीक वाया गेला, याचे मलाही वाईट वाटते, पण आजचे दूधही तितकेच बाळाच्या कामाचे आहे.

आजपासून संध्याकाळी बाटलीऐवजी दोन्ही बाजूंनी पाजा, आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे होऊ द्या. तोंड मोठे उघडल्यावरच बाळाला छातीशी घ्या. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. पाजताना सतत दुखत असेल, तर धरणे चुकते आहे, असे समजा. बागेत जायची वेळ आल्यावर हाताने काढलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात थंड खोलीत साधारण चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून कमी. ते वाटी-चमच्याने पाजता येते.

सासूबाईंशी वाद घालू नका. २८ व्या दिवशी आशाताईंची गृहभेट असते. त्यांना बाळाचे वजन सासूबाईंसमोरच करून कार्डावर लिहायला सांगा. तोपर्यंत लघवी कमी झाली, बाळ सुस्त झाले किंवा प्यायला उठेनासे झाले, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यांनी तपासून वरचे दूध सांगितले, तर ते त्यांच्या सल्ल्याने द्या, त्यात तुमचा कमीपणा नाही. पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख नाही. वजनाच्या वेळी त्यांनीही घरी थांबावे, असे त्यांना आज रात्रीच सांगा.