शोकांतिकेत वन्स मोअर?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' ऑपेराच्या आधी वाद्यवृंदाचे कंडक्टर पियानोशी बसून बोलले. म्हणाले, शोकांतिका टाळ्यांसाठी थांबली की तिचा ताण तुटतो. त्यावरून तू थेट आपल्यावरच घसरलीस: "मग आजोबांच्या 'एकच प्याला'च्या कॅसेटमध्ये सिंधूचं एवढं वाटोळं होताना लोक 'वन्स मोअर' काय ओरडतात? त्यांना काहीच वाटत नाही?"

वाटतं गं. म्हणून तर ओरडतात.

आधी हे ऐक की इटलीतही हेच चालायचं. लोक 'बिस, बिस', म्हणजे 'पुन्हा, पुन्हा' करायचे आणि गायक तीच आरिया, म्हणजे त्याचं एकट्याचं गाणं, पुन्हा गायचा. 1903 साली मिलानच्या ला स्कालात व्हेर्दीच्याच एका ऑपेराला प्रेक्षक असे हट्टाला पेटले, तेव्हा कंडक्टर तोस्कानिनी तडक उठून गेला आणि पुढे काही वर्षं त्याने ते थिएटरच सोडलं. म्हणजे तुझ्या कंडक्टरांची ही शिस्त प्रेक्षकांशी भांडून आलेली आहे.

तरी 'रिगोलेत्तो'पुरतं मला त्यांचं पटतं. शेवटचा अंक आठव. मांटुआचा ड्यूक खानावळीत 'ला दोन्ना ए मोबिले' गातो, मग झोपेला येता येता तेच पुटपुटतो. बाहेर वादळ, आणि वाऱ्याचा आवाज म्हणजे पडद्यामागे तोंड मिटून गुणगुणणारे पुरुष! ड्यूकच्या दरबारातल्या विदूषकाने, रिगोलेत्तोने, त्याला मारायला मारेकरी ठेवलेला. मध्यरात्री रिगोलेत्तो पोतं नदीत लोटायला निघतो, आत ड्यूकचं प्रेत आहे या खुशीत, आणि लांबून तेच गाणं तिसऱ्यांदा येतं. पोत्यात त्याची स्वतःची मुलगी, गिल्डा. इथे वन्स मोअर व्हेर्दीनेच लिहून ठेवलाय आणि तोच बापाचा घात करतो. प्रेक्षकांनी ते गाणं आधीच चारदा वसूल केलं, तर या तिसऱ्या वेळेची धार राहील का?

आपलं संगीत नाटक असं विणलेलं नाही. किर्लोस्करांच्या 1880च्या 'शाकुंतला'पासूनची रीत अशी, की बोलणं थांबतं, सूर धरला जातो, पद सुरू होतं. कथा तिथे आपणहून थांबलेलीच असते. 'एकच प्याला' 1919 मध्ये, नाटककार राम गणेश गडकरी गेल्यावर रंगभूमीवर आला; सिंधू झाले बालगंधर्व. दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला, सोडून चल म्हणणाऱ्या माहेरच्यांना सिंधू 'कशि या त्यजूं पदाला' म्हणून नकार देते. ऑपेरात स्वरन् स्वर लिहिलेला. इथे रागाची चौकट तेवढी ठरलेली. पुढे तबल्याला थिरकवाँसाहेबांसारखा माणूस आला, मग काय विचारता! तीच ओळ दुसऱ्यांदा वेगळ्याच जागेवरून उचलायची. लोकांना तेच परत नको होतं. त्या दुःखात अजून काय दडलंय ते हवं होतं.

अतिही व्हायचं, नाही असं नाही. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं आणि सुधाकर बिचारा तोवर स्टेजवर ताटकळायचा.

आता तू म्हणशील, असल्या नवऱ्याचे पाय धरून राहायचं, याला कसली दाद? मलाही ते झेपत नाही. मी दाद देते ती गाण्याला, सिंधूच्या निर्णयाला नाही. पण गिल्डा तरी वेगळं काय करते? फसवणाऱ्या ड्यूकसाठीच जीव देते ना! त्यावर कंडक्टर काय बोलले, ते तू लिहिलंच नाहीस. कळव.

तुझी,
आई