प्रयोगशाळेत डीएनए डोळ्यांना दिसावा म्हणून वापरले जाणारे इथिडियम ब्रोमाइडसारखे रंग डीएनएला नेमके चिकटतात कसे? आणि चिकटल्यावरच का चमकतात?

चिकटण्याच्या मुख्य तऱ्हा दोन.

इथिडियमचा रेणू चपटा असतो. डीएनएच्या शिडीतल्या दोन पायऱ्यांमध्ये, म्हणजे दोन बेस-जोड्यांमध्ये, तो पत्त्यांच्या गड्डीत एखादं पान सरकवावं तसा शिरतो. एरवी त्या जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं. रंग आत बसला की ते साधारण दुप्पट होतं, पीळ थोडा सैल होतो आणि डीएनए लांबतो. रंगावरचा धन प्रभार डीएनएच्या ऋण प्रभाराकडे ओढला जातो, त्याचीही मदत होतेच.

डॅपी आणि होएक्स्ट हे असेच दुसरे रंग मात्र आत घुसत नाहीत. ते बाहेरच्या अरुंद खाचेत बसतात, तेही ए-टी (ॲडेनिन-थायमिन) बेस-जोड्या सलग असतील तिथे जास्त.

चमकण्याचं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. पाण्यात मोकळा असताना इथिडियमने शोषलेली ऊर्जा भोवतालचं पाणी काढून घेतं, प्रकाश जेमतेम निघतो. जोड्यांच्या मध्ये पाणी पोहोचत नाही, मग तीच ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते, सुमारे २० पट जास्त. म्हणून अतिनील दिव्याखाली जेल (डीएनएचे तुकडे वेगळे करायचा जेलीसारखा थर) मंद दिसते आणि डीएनएचे पट्टे नारिंगी पेटतात.

हातमोजे मात्र घालाच. डीएनएत शिरणारा रंग तुमचा डीएनए वेगळा ओळखत नाही!