होस्टिंगचं खातं कायमचं बंद करायचंय? आधी डोमेन आणि ईमेल सोडवून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान, चार वर्षांपूर्वी करून घेतलेली वर्डप्रेसची वेबसाइट, ऑर्डरी आता सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तरी दर वर्षी कार्डावरून होस्टिंगचे पैसे कटतात. खातं कायमचं बंद करायचंय, पण डिलीटचं बटण कुठे सापडत नाही.

बटण दिसत नाही, कारण खात्यात एखादी जरी सेवा चालू असली तरी बऱ्याच कंपन्या खातं बंद करू देत नाहीत. आधी सेवा रद्द करायची, मग खातं. तुमच्या बाबतीत हा अडथळा पथ्यावरच पडलाय. खातं आज एका क्लिकवर उडालं असतं तर वेबसाइटबरोबर दुकानाचा ईमेल गेला असता, आणि डोमेन त्याच खात्यात असेल तर त्याचाही ताबा गेला असता.

होस्टिंग म्हणजे फाइली ठेवायची भाड्याची जागा. डोमेन म्हणजे तुमचं नाव. त्या नावावरचा ईमेल ही तिसरी गोष्ट. तिन्हींचं बिल एकत्र येतं म्हणून ती एकच वाटतात. माझं स्पष्ट मत: होस्टिंग खुशाल बंद करा, डोमेन सोडू नका. डॉट कॉमला वर्षाला हजार-दीड हजार रुपये पडतात. चादरीच्या पिशव्यांवर, बिलबुकावर, गुगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीत तो पत्ता छापलेला आहे. नावात सोलापूर आणि चादर असेल तर ते उचलायला कोणीतरी टपलेलंच असतं. आणि डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं की त्या पत्त्यावर येणारे नवे ईमेलही तो स्वतःकडे वळवू शकतो. बँकेचा किंवा जीएसटीचा पासवर्ड विसरलो म्हणून बटण दाबलं की ईमेलवर येणारा ओटीपी थेट त्याच्याकडे. फसवणुकीचा हा जुनाच रस्ता आहे.

म्हणून पहिलं काम सर्व्हरवर नाही, कागदावर. दुकानाचा ईमेल कुठे कुठे दिलाय त्याची यादी करा: जीएसटी, उद्यम, बँक, पेमेंट गेटवे, कुरियर, गुगलवरची दुकानाची नोंद. जीएसटी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा ईमेल आणि मोबाइल नॉन-कोअर (म्हणजे किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीत बदलता येतो, त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. होस्टिंग कंपनीच्या खात्यालाही तोच दुकानाचा ईमेल लावलेला असेल तर तो सर्वांत आधी बदलून जीमेल टाका. नाहीतर अर्ध्या वाटेत ईमेल बंद पडतो, लॉगिनचा कोड त्याच बंद पेटीत जातो, आणि तुम्ही स्वतःच्याच खात्याबाहेर.

आता डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा. वेबसाइट करणाऱ्यांपैकी बरेच जण गिऱ्हाइकांची डोमेनं स्वतःच्या रिसेलर खात्यात, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांसाठी घेतलेल्या एकाच घाऊक खात्यात, ठेवतात. बिल कंपनीकडून थेट येत असेल तर खातं तुमचं. बिल वेबसाइट करून देणाऱ्या मुलाकडून येत असेल तर तुमच्या हातात बंद करण्यासारखं खातंच नाही. डोमेन तुमच्या खात्यात हलवून द्यायला त्यालाच सांगावं लागेल. कंपनी फक्त खातेदाराचं ऐकते. तेव्हा त्याच्याशी भांडण व्हायच्या आत हे उरकलेलं बरं. तुमच्या लिहिण्यावरून कार्ड तुमचं आहे, म्हणजे बहुधा खातंही तुमचंच असावं.

डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं तर त्याचं लॉक काढायचं, ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) घ्यायचा आणि नव्या कंपनीच्या पानावर तो टाकायचा. डॉट कॉमला साधारण ५ दिवस लागतात आणि मुदतीत एक वर्षाची भर पडते. डोमेन नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर ६० दिवस थांबावं लागतं. इथे एक गफलत हमखास होते: डोमेन हललं तरी नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची वेबसाइट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर, जुन्याच होस्टिंगचे राहतात. मग होस्टिंग बंद केलं की ईमेल त्याच दिवशी बंद. त्यामुळे जुन्या पॅनेलमधल्या डीएनएसच्या (हे पत्ते सांगणाऱ्या यादीच्या) सगळ्या नोंदींचा, विशेषतः ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्सचा आणि ईमेलच्या खात्रीसाठी लागणाऱ्या टीएक्सटीचा, स्क्रीनशॉट काढा. ईमेल नव्या जागी नेणार असाल तर एमएक्स त्या नव्या सेवेचे लागतील. सगळं नव्या ठिकाणी भरा आणि मगच नेमसर्व्हर बदला. एक-दोन दिवस जाऊ द्या, बाहेरच्या जीमेलवरून दुकानाच्या पत्त्यावर मेल टाकून बघा.

जुने मेल वेगळे वाचवायला लागतात. संगणकावर आउटलुकमध्ये दिसतायत म्हणजे ते संगणकातच आहेत असं धरून चालू नका. खातं आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवायच्या पद्धतीवर) असेल तर ती सर्व्हरवरच्या पेटीची नक्कल असते. तिकडची पेटी रिकामी झाली की इकडचीही होऊ शकते. थंडरबर्ड या फुकट मेल प्रोग्रॅममध्ये खातं जोडा, सगळे मेल निवडून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा, मग इंटरनेट बंद करून दोन-चार जुने मेल जोडपत्रांसकट उघडून बघा.

वेबसाइटचा बॅकअप सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमधून) ‘फुल बॅकअप’ घेतला की एकच मोठी फाइल मिळते. ती जपून ठेवा, पण ती सीपॅनेलमधून तुमची तुम्हाला परत चढवता येत नाही, होस्टिंगवाल्याला चढवावी लागते. म्हणून वेबसाइटच्या फाइलींचा पब्लिक एचटीएमएल हा फोल्डर झिप करून वेगळा उतरवा आणि त्याच पॅनेलमधल्या पीएचपीमायअ‍ॅडमिन या साधनातून डेटाबेस (वेबसाइटच्या मजकुराचा आणि ऑर्डरींचा साठा) एक्सपोर्ट करा. डेटाबेस मोठा असला की एक्सपोर्ट मधेच थांबतो, आणि फाइल मात्र पूर्ण उतरल्यासारखी दिसते. नोटपॅडमध्ये उघडून शेवट बघा. एखादी नोंद अर्ध्यावर तुटलेली असेल तर पुन्हा काढा, टेबलं दोन-तीन भागांत घेऊन.

वूकॉमर्समधून (वर्डप्रेसवरच्या दुकानाच्या प्लगिनमधून) मालाची यादी सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलीत, काढलीत तर त्यात डिझाइन, भाव, साइझ सगळं येतं, फोटो येत नाहीत. फोटोच्या जागी फक्त लिंक असते, तीही त्याच वेबसाइटची. होस्टिंग गेलं की सगळ्या लिंका मेल्या. चादरींचे खरे फोटो डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या अपलोड्स फोल्डरमध्ये वर्ष-महिन्यांप्रमाणे लावलेले असतात. तो फोल्डर आणि यादी एकत्र ठेवा. पुढे व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगला तेच फोटो उपयोगी पडतील.

होस्टिंगची सगळी बिलं पीडीएफमध्ये उतरवा. खातं बंद झाल्यावर पोर्टल उघडत नाही, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. वेबसाइटवर पेमेंट गेटवे जोडलेला असेल तर त्याच्या डॅशबोर्डात जाऊन वेबसाइटला दिलेली जुनी एपीआय की (जोडणीची गुप्त किल्ली) रद्द करा.

एवढं झालं की रद्द करण्याचा अर्ज. पॅनेलमध्ये ऑटो-रिन्यू बंद करा आणि ‘रिक्वेस्ट कॅन्सलेशन’ शोधा. तिथे बहुधा दोन पर्याय असतात: ताबडतोब, किंवा मुदत संपल्यावर. दुसरा घ्या. पैसे भरलेलेच आहेत, आणि काही राहून गेलं असेल तर तेवढे दिवस हातात राहतात. ‘ताबडतोब’ निवडलंत तर सर्व्हरवरचा डेटा लगेच पुसला जाऊ शकतो, आणि त्यांच्याकडे जुना बॅकअप असेलच याची खात्री नाही. नव्या वर्षाचं बिल बऱ्याच ठिकाणी मुदतीच्या काही दिवस आधीच निघतं, म्हणून हा अर्ज निदान महिनाभर आधी टाका.

नुसतं कार्ड ब्लॉक करून मोकळं होण्याचा सल्ला तुम्हाला चाटी गल्लीत कोणीही देईल. त्याने खातं बंद होत नाही. बिल थकतं, खातं निलंबित होतं, आणि ज्या खात्यातून ऑथ कोड काढायचाय त्याचेच दरवाजे अडतात. अर्ज मंजूर झाल्यावर मात्र ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) जरूर रद्द करा: कार्डाचा असेल तर बँकेच्या अ‍ॅप किंवा नेटबँकिंगमधून, यूपीआयचा असेल तर त्याच यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीतून. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना येते. ती आली तर समजा मँडेट अजून जिवंत आहे, आणि तेवढ्या वेळात त्या व्यवहारातून बाहेर पडता येतं.

शेवटी सपोर्टला तिकीट: ग्राहक क्रमांक, सेवा रद्द झाल्याची तारीख, ‘साठवलेलं कार्ड काढा आणि खातं कायमचं बंद करा’ अशी विनंती, आणि लेखी दुजोऱ्याची मागणी. हे चॅटवर नको, तिकिटावरच. खातं बंद झालं तरी कराच्या नियमांमुळे तुमच्या बिलांच्या नोंदी कंपनी ठेवणारच. त्यासाठी वाद घालू नका.

एवढं सगळं वाचूनही डोमेन सोडायचंच असेल, तर डॉट कॉमचा हिशेब असा: मुदत संपल्यावर कंपनीप्रमाणे काही दिवस, फार तर ४५, नेहमीच्या दराने परत घेता येतं, पुढचे ३० दिवस जबर दंड भरून, मग ५ दिवस कोणालाच नाही, आणि त्यानंतर ते बाजारात खुलं. त्याआधी वर केलेल्या यादीतला एकही पत्ता बदलायचा राहू देऊ नका.