घरच्या कुकरमध्ये लवंग, दालचिनी, मिरीचं इसेन्शियल ऑइल काढता येतं का?

तुमचा प्रश्न मोठा आहे, मला कळलं ते असं की ऐरोलीला वन बीएचकेमध्ये राहता, घरी कोल्ड प्रोसेस साबण (न शिजवता, तेल आणि कॉस्टिक सोडा मिसळून) करता, विकतची तेलं भेसळीची निघाली म्हणून वैतागलात आणि आता लवंग, दालचिनी, मिरी, हळद, मिरची या सगळ्यांचं तेल स्वतः वाफेवर काढायचंय. कुकर चालेल का, किती निघेल, परवडेल का. आणि जाता जाता लिहिलंय की गाव देवरुखकडे आहे. ते गावाचं लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मी रबाळ्याला एका फ्लेवरवाल्या कंपनीत क्यूसी म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये चौदा वर्षं होते. मसाल्याची पोती यायची, त्यातला मूठभर नमुना घ्यायचा, क्लेव्हेंजरला लावायचा आणि तेल किती मिली निघतं ते लिहायचं, हेच रोजचं काम. क्लेव्हेंजर म्हणजे तेल काढून मोजायचं काचेचं एक उपकरण, ते १९२८ सालचं डिझाइन आहे आणि अजून जगभर तेच वापरतात. नोकरी सोडल्यावर मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी कळव्याच्या घरी कुकरवर तोच उद्योग केला, तेव्हा कळलं की लॅबमध्ये आपण किती आरामात होतो.

तर उत्तर, हो, येतं. पण तुमच्या लिस्टमधून मिरची आधी काढा. वाफेबरोबर फक्त वास वर येतो, तिखटपणा येत नाही, रंग येत नाही. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सायसिन, ते जड असतं, वाफेवर उडत नाही, तासभर उकळलं तरी भांड्यातच बसून राहतं, तुम्हाला मिळेल वाफेचं पाणी आणि वर घरभर खोकला. हळदीचं तेच, पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, तो चोथ्यातच राहतो, वर येतं ते फिकट रंगाचं तेल आणि त्याला ओल्या मातीसारखा वास, साबणाला पिवळा रंग हवा असेल तर सरळ चिमूटभर हळद टाका. मिरीचं तेल निघतं, वासाला छान असतं, पण जिभेला लावलं तर झणका नाही, कारण झणका ज्याचा असतो ते पायपरिन खालीच राहिलेलं असतं. मसाल्याचा झणका, रंग, वास असं सगळं एकत्र हवं असेल तर ते सॉल्व्हंटने, म्हणजे हेक्झेनसारख्या पेट घेणाऱ्या द्रवात विरघळवून काढतात, त्याला ओलिओरेझिन म्हणतात, केरळात कोचीच्या आसपास त्याच्या मोठ्या फॅक्टऱ्या आहेत. ते काम किचनमध्ये करायचं नाही, हेक्झेन आणि गॅसची शेगडी एका खोलीत नको.

आता लवंग. सुरुवात लवंगेनेच करा, याला कारण आहे. तुमच्या लिस्टमधल्या बाकीच्या मसाल्यांत तेल थोडंच असतं, चांगल्या लवंगेत पंधरा ते वीस टक्के, म्हणजे चुका करूनसुद्धा काहीतरी हाती लागतं. शिवाय ते पाण्यापेक्षा जड असतं, तळाला बसतं, डोळ्याला दिसतं.

लोक विचारतात की लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, युजेनॉल, उकळायला २५४ डिग्री लागतात मग ते १०० डिग्रीच्या वाफेबरोबर येतंच कसं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापला दाब स्वतंत्र लावतात आणि दोन्ही दाबांची बेरीज बाहेरच्या हवेइतकी झाली की मिश्रण उकळतं, म्हणजे शंभरच्या किंचित खालीच. तेलाचा वाटा अगदी थोडा असतो पण युजेनॉलचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा नऊपट जड, म्हणून वजनात बरं पडतं. कागदावर हिशोब केला तर १०० मिली पाण्याबरोबर चारेक ग्रॅम यायला पाहिजे. प्रत्यक्षात कमीच येतं कारण लवंगेच्या आतलं तेल बाहेर यायला वेळ घेतं.

लवंग घेताना सांभाळा. ठाण्यात जांभळी नाक्याला घ्या नाहीतर वाशीच्या एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून आणा, पण आणल्यावर चार लवंगा पाण्याच्या ग्लासात टाका. चांगली लवंग बुडते. तेल आधीच काढून घेतलेली, सुकवून परत बाजारात आणलेली लवंग तरंगते, एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, घरगुती चाचण्यांमध्ये हीच टेस्ट दिलीय. म्हणजे तुम्ही जे करणार आहात ते कोणीतरी आधीच करून तुम्हाला चोथा विकतोय! (आणि हो, तुमचा स्वतःचा चोथा झाला की तो झाडांना घाला, मसाल्याच्या डब्यात परत जाऊ देऊ नका.) लवंग खलबत्त्यात जाडसर कुटा, तीही लावायच्या आधी पाच मिनिटं. मिक्सरला लावू नका, भांडं गरम होतं आणि वास तिथेच उडतो, शिवाय बारीक पूड झाली की गोळा होतो.

सेटअप असा. पाच लिटरचा कुकर, तो कायमचा याच कामाला ठेवायचा, का ते सांगते. पहिल्यांदा मी रोजचाच कुकर वापरला, नंतर तीन वेळा घासला, चिंच लावली, काही उपयोग नाही, रबराची रिंग तेल पिऊन बसलेली असते. पंधरा दिवस वरणाला दाताच्या डॉक्टरकडचा वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त नवीन रिंग आणून ओट्यावर ठेवली.

कुटलेली १०० ग्रॅम लवंग मलमलच्या कापडात सैल बांधा, कुकरमध्ये दीड लिटर पाणी, त्यात ती पुरचुंडी. कापड यासाठी की एखादा तुकडा उडून वाफेच्या नळीत अडकला तर कुकर खरंच प्रेशरला जाईल. शिट्टी काढायची, तिच्या जागी सिलिकॉनची नळी घट्ट बसवायची, पुढे तांब्याची नळी, एसी रिपेअरवाल्याकडे पाव इंची मिळते, तिची पाच-सहा वेटोळी करून थंड पाण्याच्या बादलीत, दुसरं टोक बाहेर ग्लासावर. आधी ती साबणाच्या पाण्याने आतून धुवा. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, त्यावर काही झाकायचं नाही, आणि कुकरसमोरून हलायचं नाही, सिरियल नंतर बघा. गॅस एवढाच ठेवा की नळीतून सेकंदाला एखाद-दोन थेंब पडतील, वाफ दिसली म्हणजे आच जास्त झाली. नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडू देऊ नका, गॅस बंद केला की कुकर थंड होताना सगळं परत आत ओढून घेतो, माझा अर्ध्या तासाचा माल असाच परत गेलाय. ग्लास काचेचाच घ्या, कटिंगचा ग्लास उत्तम. थर्माकोलचे आणि ते कडक पारदर्शक पार्टीवाले कप लवंगेचं तेल अक्षरशः खातं.

बादली, वेटोळी, थेंब थेंब हे सगळं बघून समोरचे काका दारातूनच विचारून गेले, काय गं, हातभट्टी लावलीस की काय. हसण्यावारी नेऊ नका, लायसन्सशिवाय दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. दार उघडं ठेवा, वासावरून कळतं त्यांना.

मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी कोमट असतं म्हणून मी बर्फ टाकायचे. लवंगेला चालतं ते. मग एकदा उत्साहात चक्रीफूल लावलं, तसाच बर्फ, आणि दहा मिनिटांनी थेंब बंद. मला वाटलं पाणी संपलं. तेवढ्यात फट्ट करून सिलिकॉनची नळी निघाली आणि वाफेचा झोत थेट खिडकीच्या पडद्यावर, मी दोन पावलं बाजूला होते म्हणून वाचले. झालं असं की चक्रीफुलाच्या तेलात ॲनेथॉल असतं, ते २० डिग्रीच्या आसपास गोठतं, बर्फाच्या पाण्यात नळीतच मेणासारखं थिजलं आणि बूच बसलं. बडीशेपेतही तेच असतं. अशा मसाल्यांना साधं नळाचं पाणीच वापरा, कोमट असलं तरी. लॅबमध्ये हे मला पाठ होतं, घरी विसरले.

आता खरं डोकेदुखीचं काम, तेल वेगळं करणं. दोन तासांत तुमच्याकडे चारशेएक मिली दुधी पाणी जमेल आणि तळाला फिकट पिवळे थेंब. ते दुधी पाणी फेकू नका, युजेनॉल पाण्यात लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणजे तुमचं ग्रॅमभर तेल त्यातच आहे. सोपा मार्ग म्हणजे पहिलं जमलेलं पाणी परत कुकरमध्ये ओतून पुढे चालू ठेवायचं.

दुसरा मार्ग मिठाचा, मीठ घातलं की विरघळलेलं तेल बाहेर पडतं असं पुस्तकात असतं. मी चमचा-दीड चमचा घातलं. तेल खाली पण जाईना, वर पण येईना, ग्लासाच्या मध्यावर गोळे लटकलेले, मुलगी म्हणाली आई हे लाव्हा लॅम्पसारखं दिसतंय. साहजिक होतं, लवंगेच्या तेलाची घनता १.०५ च्या आसपास आणि मी मीठ घालून पाणी बरोब्बर तेवढंच जड करून ठेवलं. तेव्हा एकतर मीठ घालूच नका आणि तेल खालून काढा, नाहीतर विरघळेनासं होईपर्यंत घाला, मग पाणी १.२ पर्यंत जड होतं आणि तेल गपचूप वर येऊन तरंगतं. काढायला सुई काढलेली सिरिंज पुरते. रोज करणार असाल तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या काचेच्या दुकानांतून सेपरेटिंग फनेल (खाली तोटी असलेलं काचेचं भांडं) आणा, डोक्याला शांती मिळेल.

किती निघतं? लॅबमध्ये १०० ग्रॅमला पंधरा-सोळा मिली निघायचं, घरी दोन तासांत मला पाच मिली मिळालं, दुसऱ्या वेळी सहा. लवंगेला शेवटच्या वेळी १०० ग्रॅमला सव्वाशे रुपये दिले होते, वर गॅस, वर बर्फ. बाजारात लवंग तेल म्हणून जे स्वस्त मिळतं ते बऱ्याचदा कळीचं (लवंग म्हणजे झाडाची कळी) नसतंच, पानांचं आणि देठांचं असतं, झाडाची पानं काय फुकटच, त्यातही युजेनॉल भरपूर. म्हणजे तुम्हाला वाटतं ती प्रत्येक वेळी भेसळ असेल असं नाही. त्या भावाशी कळ्या विकत घेऊन तुम्ही कधीच जुळवू शकणार नाही.

साबणाचं एक बोलते कारण तुम्ही तेच करणार आहात. लवंगेचं तेल साबणाच्या कॉस्टिकच्या मिश्रणात पडलं की मिश्रण झटकन घट्ट होतं, कधीकधी दगडच होतो आणि साच्यात ओतायला वेळ मिळत नाही. तेल अगदी शेवटी घाला, मिश्रण थंड आणि पातळ असताना, हँड ब्लेंडर बाजूला ठेवून चमच्याने ढवळा. प्रमाण अर्धा टक्का धरा, म्हणजे किलोभर साबणाला पाच ग्रॅम, तुमची १०० ग्रॅम लवंग तिथेच संपली. दालचिनीच्या सालीचं तेल मी साबणात घालणारच नाही, त्यातलं सिनॅमाल्डिहाइड कातडीला फार लागतं, लॅबमध्ये ग्लोव्हजला भोक होतं हे मला मनगट लाल झाल्यावर कळलं होतं. आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, लवंगेचं तेल लहान मुलाने चमचाभर प्यायलं तर लिव्हरवर जातं, नैसर्गिक आहे म्हणून हलक्यात घेऊ नका.

आता तुमचं देवरुख. तिकडे परड्यात दालचिनीचं झाड असणारी घरं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज जात बऱ्याच जणांनी लावलीय, तुमच्याकडे नसेल तर शेजारी विचारा. साल नको, पानं मागा. एकाच झाडाच्या सालीत आणि पानात तेल वेगळं असतं, सालीत सिनॅमाल्डिहाइड आणि पानात मुख्यतः युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या खूप जवळचा वास. पानांत तेल एक-दोन टक्केच असतं पण ती पोतंभर मिळतात आणि कोणी पैसे घेत नाही. सावलीत आठवडाभर सुकवा, कात्रीने बोटभर तुकडे करा, यांना पाण्यात न बुडवता कुकरमधल्या जाळीवर ठेवा आणि खाली पाणी, म्हणजे वाफ पानांमधून जाईल. हे तेलही तळालाच बसतं, त्यामुळे बाकी सगळं वर लिहिलंय तसंच, आणि साबण घट्ट होण्याचा त्रासही तसाच.

गणपतीला गावी जाणारच असाल, येताना गाडीत एक पोतं टाका. पहिल्या घाण्यात पाच लिटरच्या कुकरला तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त पानं कोंबू नका, वाफ अडते.